पेन खाली ठेवण्याचा आवाज

परीक्षेत मी दुसऱ्या कुणासाठी लिहायला बसते तेव्हा माझी एक सवय बघून लोकांना हसू येतं. सांगणाऱ्याचं वाक्य संपलं की मी पेन टेबलावर ठेवते. अलगद नाही, वाजेल असं. तो पुढचं बोलायला लागला की उचलते, वाक्य संपलं की परत ठेवते. तीन तास हेच. गेल्या हिवाळ्यात एका पर्यवेक्षक बाईंना राहवलं नाही. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "बेटा, हाथ दुखता है क्या?" मी म्हटलं, "जी, थोड़ा." खोटं बोलले. माझा हात चांगला ठणठणीत आहे. जो काही घात केला तो त्या ठणठणीत हातानेच केला.

हे लिहायचं मी चार वर्षं टाळलं. आता लिहितेय ते मन मोकळं करायला वगैरे नाही. पण अंध मुलांचे पेपर लिहून देणाऱ्या आमच्या गटात दर वर्षी नवी मुलं येतात, चांगुलपणा नुसता उतू जात असतो त्यांच्या चेहऱ्यावरून, आणि मला त्यांची धास्ती वाटते. त्यांच्यात मला मी दिसते.

माझे बाबा बँकेत. मी दहावी झाले आणि त्यांची कराडहून जयपूरला बदली झाली. आदर्श नगरात वरच्या मजल्यावर भाड्याचं घर मिळालं. धाकटा भाऊ सहा महिन्यांत 'मतलब' आणि 'भैया' करत गल्लीभर हुंदडायला लागला. मला मात्र वेळ लागला. वर्गात माझ्या हिंदीला सगळे हसायचे. मिरवण्यासारखी माझ्याकडे एकच गोष्ट होती, अक्षर. कराडच्या शाळेत सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मी दोनदा घेतलं होतं, आणि हिंदीची लिपीही तीच असल्यामुळे ते बक्षीस इकडेही चाललं. शिक्षक माझी वही वर्गात फिरवायचे. मला त्या फिरवण्याची चटक लागली, हे आधीच कबूल केलेलं बरं.

विद्यापीठात पहिल्या वर्षाला गेले तेव्हा ग्रंथालयाच्या मागच्या कडुलिंबाखाली बसणाऱ्या एका गटाची ओळख झाली. दहा-बारा मुलंमुली होती. विद्यापीठात शिकणाऱ्या अंध विद्यार्थ्यांसाठी ते पुस्तकं मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करायचे आणि परीक्षेत त्यांचे पेपर लिहायला बसायचे. संगणकावर पेपर द्यायची सोय कागदोपत्री होती, आमच्या केंद्रापर्यंत ती काही पोहोचली नव्हती. या कामाचं कुणाला प्रमाणपत्र मिळत नव्हतं, कुणी फोटो काढत नव्हतं. एकजण इतिहासाचं जाडजूड पुस्तक सर्दी झालेली असताना वाचत सुटला होता, प्रकरणागणिक शिंका होत्या. ज्याच्यासाठी वाचलं तो म्हणाला, शिंका राहू दे, तहाची कलमं कुठे सुरू होतात ते मला शिंकेवरून आठवतं. एक मुलगी आमेरहून पहिल्या बसने यायची, का तर तिला ज्याच्यासाठी लिहायचं होतं त्याला केंद्रावर एकट्याने पोहोचायला भीती वाटायची. आधी त्याच्या खोलीवर, मग त्याला घेऊन केंद्रावर, पेपर झाला की परत खोलीवर, आणि मग स्वतःचा वर्ग. मी तिला विचारलं, कंटाळा नाही येत? ती म्हणाली, "येतो ना." आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्या बसला हजर.

गटात एम.ए.चा एक मुलगा सगळ्यांत मोठा होता, त्याला सगळे भैया म्हणायचे. त्याचा नियम एकच. "आत जाताना डोकं गेटवर ठेवून जायचं. आत फक्त हात न्यायचा." समोरचा चुकीचं सांगेल तर चुकीचं लिहायचं, अर्धं सांगेल तर अर्धं. मी मान डोलावली. एवढं काय अवघड आहे त्यात, असं मनात म्हटलं.

लिहिणारा सांगणाऱ्याच्या खालच्या वर्गातला असावा लागतो, म्हणून मी पहिल्या वर्षाची असल्याने मला शेवटच्या वर्षाची एक मुलगी मिळाली. जयपूरजवळच्या चाकसू गावची होती, जन्मापासून अंध. इकडे थोरल्या बहिणीला जीजी म्हणतात. गटातले सगळे तिला जीजीच म्हणायचे, मीही म्हणायला लागले. ती मला म्हणायची छोटी. ती विद्यापीठाजवळच्या एका मुलींच्या वसतिगृहात राहायची. चाकसूला टोंक रोडवर तिच्या वडिलांचं टायर-पंक्चरचं दुकान. त्यांनी तिला कसंबसं जयपूरला पाठवलं होतं, आणि बोलणं झालं होतं ते असं की एका दमात बी.ए. पूर्ण कर, तर पुढे बी.एड.ला घालीन. एक वर्ष जरी वाया गेलं तरी घरी परत. जीजीला शाळेत शिकवायचं होतं. डोळस मुलांच्या शाळेत, हे ती मुद्दाम सांगायची. "त्यांना कळू दे," म्हणायची, आणि काय कळू दे ते सांगायची नाही.

मी पावसाळ्यापासून तिच्यासाठी समाजशास्त्राची पुस्तकं रेकॉर्ड करत होते. एकेक प्रकरण दोनदा वाचायचं, एकदा भरभर, एकदा सावकाश. त्यामुळे तिच्याआधी ते मलाच पाठ झालं. तिच्याबरोबर लिहिण्याचा सराव करायला बसलं की ती डोकं थोडं कलतं करून ऐकायची. माझं पेन कागदावरून चालायचं थांबलं की मगच पुढचं वाक्य सुरू करायची, 'लिहिलंस का' असं कधी विचारावं लागायचं नाही तिला. माझ्या कानात तेव्हा चांदीचे झुमके असायचे, बारीक घुंगरांचे, इकडे आल्यावर हट्टाने घेतलेले. जिन्यात पाऊल टाकलं की ती खोलीतून ओरडायची, "आली ग बाई नाचणारी!"

ती आमच्या घरी जेवायला यायची. आईने केलेलं पिठलं तिला फार आवडलं, कारण ते तिच्या आईच्या बेसनाच्या भाजीसारखं लागत होतं आणि तरीही लागत नव्हतं. बाबांनी तिला एक वस्तू करून दिली. बँकेच्या जुन्या, बाद झालेल्या प्लॅस्टिकच्या कार्डाला मधोमध कापून त्यांनी एक लांबट खिडकी केली. कार्ड कागदावर ठेवायचं आणि त्या खिडकीत सही करायची, म्हणजे ओळ वाकडी जात नाही. त्याआधी ती अंगठा द्यायची. सही जमली त्या दिवशी तिने आमच्या वर्तमानपत्राच्या समासात वीसेक सह्या करून ठेवल्या. बाबांना तो पेपर रद्दीत घालवेना.

जानेवारीत परीक्षा सुरू झाली. जयपूरची जानेवारी म्हणजे बोटं वाकत नाहीत अशी थंडी. आम्हांला वेगळी खोली होती. पहिल्या पेपरला तिने 'लोग-बाग' म्हटलं आणि मी 'जनसाधारण' लिहिलं. वाटलं, बरं दिसतं. दुसऱ्या पेपरला तिची लांबलचक वाक्यं तोडून मी मुद्दे पाडले, मथळ्यांखाली रेघा मारल्या. पेपर संपल्यावर तिला सांगितलंही नाही. माझ्या मते मी तिला भेट देत होते, आणि भेट काही सांगून देत नाहीत. असा माझा शहाणपणा.

तिसऱ्या पेपरला प्रश्न आला, ग्रामीण कुटुंबांत मुलींचं शिक्षण मध्येच का सुटतं, कारणं स्पष्ट करा. मला आतून उकळीच फुटली. ते प्रकरण मी दोनदा वाचलं होतं. पाच कारणं, प्रत्येकाला भारदस्त नाव, शेवटी निष्कर्ष. जीजी सांगायला लागली. तिने पुस्तकातली दोन कारणं सांगितली. मग म्हणाली, "लिही. मुलगी घरात असली की ती कुठे आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. शिकायला गेली की रोज विचारावं लागतं. लोकांना शिक्षणाचा राग नसतो, त्या रोजच्या विचारण्याचा कंटाळा येतो."

ती बोलली हिंदीत, मी इथे मराठीत लिहिते आहे, पण शब्द तेच आहेत. ते मी विसरूच शकत नाही. आणि कुठल्याही कागदावर ते नाहीत, कारण मी ते लिहिले नाहीत. मला वाटलं, हे काय उत्तर झालं? याला कोण गुण देणार? जीजीची गाडी घसरली आहे, तिला उरलेली तीन कारणं आठवत नाहीयेत, बिचारी. हो, बिचारी असंच मनात आलं. मी ते वाक्य गाळलं आणि पुस्तकातली तीन कारणं, नावांसकट, माझ्या बक्षीसवाल्या अक्षरात झरझर लिहून काढली. ती बोलायची थांबली होती. माझं पेन चालूच होतं.

दारात तपासणी पथक कधी येऊन उभं राहिलं ते मला कळलं नाही. त्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी माझ्या मागे येऊन कागद वाचला. मग अगदी मऊ आवाजात जीजीला म्हणाले, "बेटी, शेवटचं काय सांगितलंस ते पुन्हा सांग." तिने पुन्हा सांगितलं, ते घरात असण्याचं आणि विचारण्याचं. त्यांनी कागदावरचं मोठ्याने वाचून दाखवलं. पाच कारणं, निष्कर्ष.

"हे कुणी लिहिलं?" त्यांनी मला विचारलं.

खरं सांगते, त्या क्षणी मला जीजी आठवलीसुद्धा नाही. मला आठवले बाबा, त्यांचं नाव, माझं पहिलं वर्ष, कॉलनीतल्या बायका. तेवढ्यात जीजीच बोलली. "इसकी ग़लती नहीं है, सर. मैंने ही कहा था, जो छूट जाए वो भर देना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असं सांगितलं होतं हिने तुला?"

मी मान हलवली. हो म्हणून.

तोंडाने बोलले असते तर निदान तिला ऐकू गेलं असतं, ती तिथल्या तिथे मला काही म्हणू शकली असती. मी मान हलवली, म्हणजे तिला दिसणार नाही. इतका हिशेबीपणा माझ्यात कुठून आला मला माहीत नाही. तिच्या नावाने जबाब लिहिला गेला. सही कुठे करायची म्हणून त्यांनी तिचं बोट कागदावर टेकवलं, आणि तिने दप्तरातून बाबांनी केलेलं कार्ड काढून त्या खिडकीत व्यवस्थित सही केली. ओळ अजिबात वाकडी गेली नाही.

त्यानंतर मी घरात कुणाला काही बोलले नाही. पेपर कसा गेला म्हटल्यावर बरा म्हटलं. जीजी उरलेले पेपर दुसऱ्या कुणाला घेऊन देत होती. मी तापाचं कारण सांगून घरी पडून राहिले. भैयाचा निरोप आला, मी फोन उलटा करून ठेवला. मग संक्रांत आली. संक्रांतीला सगळं जयपूर गच्चीवर असतं, सकाळपासून पतंग आणि कर्णे आणि आरडाओरडा. आईने तिळाच्या वड्या डब्यात भरल्या आणि म्हणाली, "जीजीला बोलाव ग, तिळगूळ न्यायला. की आपण जाऊन देऊन येऊ या?"

मी तिथेच ओट्याला टेकून रडायला लागले आणि सगळं सांगून टाकलं. आईने डब्याचं झाकण लावलं, परत काढलं, परत लावलं. मग एवढंच विचारलं, "आणि तू मान हलवलीस?"

बाबा गच्चीवरून भावाबरोबर खाली आले तेव्हा आईनेच त्यांना सांगितलं. बाबा माझ्यावर ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते खुर्चीत बसले. "सही केली तिने?" त्यांनी विचारलं. "आपल्या कार्डाने?" मी हो म्हटलं. जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या तपासण्यात गेलेला माणूस, त्यांना पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी ते रजा टाकून माझ्याबरोबर विद्यापीठात आले. मी खरं काय ते लिहून दिलं. समितीतल्या लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, पाणी विचारलं. पण तिचा सही केलेला जबाब होता, आणि त्याला माझी साक्ष होती. निर्णय लागला तो असा की तिचे त्या सत्राचे सगळे पेपर रद्द, पुढच्या वर्षी पुन्हा बसता येईल. मला लिहिण्यावर वर्षभर बंदी. बस.

जीजीचे वडील येऊन तिला घेऊन गेले. मी गेटपाशी गेले होते, पण झाडामागे उभी राहिले. झुमके काढून खिशात ठेवले होते.

गटातलं मला कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच जड गेलं. कडुलिंबाखाली गेले तर आमेरच्या मुलीने सरकून जागा केली. भैया म्हणाला, "आता पुढचं बघू." आणि खरंच सगळे पुढचं बघायला लागले. वसतिगृहाच्या बाईंना भेटून जीजीची जागा एप्रिलअखेरपर्यंत राखून ठेवायला लावली. तिच्यासाठी लिहायला तिघेजण तयार झाले, एक आजारी पडला तर दुसरा, दुसरा पडला तर तिसरा. पुढच्या वर्षी बदलणाऱ्या अभ्यासक्रमाची पुस्तकं वाटून घेऊन वाचायला सुरुवात झाली. मला लिहायची बंदी होती, वाचायची नव्हती. मी घसा बसेपर्यंत वाचलं. आता अडचण उरली होती ती तिच्या वडिलांची. एक वर्ष वाया गेलं की घरी, हा त्यांचा शब्द. त्यांना राजी करायला मी जाणार, असं मीच ठरवलं.

जीजीला फोन केला. ती दोनच वाक्यं बोलली. "मेले के दिन आ जा. घर पे सब रहेंगे."

होळीनंतर आठव्या दिवशी चाकसूला शीतलामातेची मोठी जत्रा भरते. त्या दिवशी घराघरांत चूल पेटत नाही. आदल्या दिवशी केलेलं थंडच खायचं, देवीलाही तेच दाखवायचं. आई म्हणाली, आपल्याकडे श्रावणात असते तीच ही शिळासप्तमी, आणि तिने मला पुऱ्या करून दिल्या, त्याही आदल्या दिवशीच. बस खच्चून भरलेली होती. बायका मांडीवर झाकलेली ताटं घेऊन गाणी म्हणत होत्या. मी दोन बायांच्या मध्ये अंग चोरून बसले आणि तिच्या वडिलांशी करायचं भांडण मनात घोकत राहिले. तुम्ही मुलीवर विश्वास ठेवत नाही. तिच्या एका चुकीसाठी, जी तिची नव्हतीच. तुम्हांला काय वाटतं, मुलगी म्हणजे. असं बरंच. चाकसू येईपर्यंत माझं भाषण तयार होतं, आवाज कुठे चढवायचा तेही ठरलं होतं.

तिचे वडील घरापुढच्या ओसरीवर बसले होते. डोक्याला पागोटं, हाताच्या रेषांत टायरचं काळं कायमचं बसलेलं. मी भाषण सुरू केलं. त्यांनी दोन वाक्यं ऐकली आणि हात वर केला.

"बेटी, मी नाही कुठे म्हणतोय?" ते म्हणाले. "मी रागाच्या भरात बोललो होतो एक वर्षाचं. नंतर मीच तिला म्हटलं, जा परत, अजून एक वर्ष काढू. तीच नको म्हणते. आता तूच समजाव तिला. तुझं ऐकेल ती."

मी चपला ओसरीवर काढल्या आणि आत गेले.

जीजी आतल्या खोलीत खाटेवर बसली होती. तिच्या आईने मध्ये दोन ताटं आणून ठेवली. पुऱ्या, गोड पुए, दही, बाजरीची ताकात शिजवलेली घट्ट राबडी, सगळं गार. मी जीजीला सगळं सांगितलं, जागा राखून ठेवल्याचं, तिघे तयार असल्याचं, रेकॉर्ड केलेल्या पुस्तकांचं. ती ऐकत राहिली. मग मी बाकीचं सांगितलं, जे सांगायला खरं तर आले होते. "जीजी, त्या सरांनी मला विचारलं तेव्हा मी हो म्हणून मान हलवली होती. तुला ते..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुझे झुमके वाजले."

माझा हात आपोआप कानाकडे गेला.

"आणि त्याच्या आधीचंही माहीत होतं," ती पुढे म्हणाली. रागावून नाही. राग असता तर मी तो घेतला असता. "मी बोलायची थांबले आणि तुझं पेन चालूच राहिलं. पहिल्या पेपरपासून ऐकत होते मी. वाटलं, मागे पडली असेल, पुरं करत असेल. मग वाटलं, छोटी आहे, जीव लावते, करू दे. तेव्हाच थांबवायला हवं होतं. म्हणून मी सरांना तसं सांगितलं. अगदीच खोटं नव्हतं ते."

"मग चल ना परत. मी नसेन. दुसरी मुलं आहेत, माझ्यापेक्षा चांगली."

"असतीलच." ती म्हणाली. "पण छोटी, हात माझा नसतो ग. कुणाचा तरी घ्यावाच लागतो, आणि काय लिहिलं ते मला दिसत नाही. इतकी वर्षं मी कधी विचारच केला नव्हता याचा. आता कुणीही बसलं तरी मी उत्तर सांगणार नाही, पेनच ऐकत बसेन. त्यात काय पेपर होणार?" आणि मग अगदी हळू म्हणाली, "माझं ते उत्तर वाईट होतं का?"

मला रडू आवरेना. मी म्हटलं, "नाही. सगळ्या पेपरात तेवढंच चांगलं होतं." ती म्हणाली, "मलाही तसंच वाटलं होतं." हे ऐकताना जे झालं ते मी अजून कुणाला सांगू शकलेले नाही, इथेही सांगता येत नाही.

मग तिने कागद आणायला सांगितलं. वसतिगृहाच्या बाईंना पत्र लिहायचं होतं. "तूच लिही," ती म्हणाली. मला कळेना ती मला शिक्षा देतेय की मान. मी ताट सरकवून कागद पसरला. ती डोकं कलतं करून सांगायला लागली आणि मी लिहायला लागले.

आदरणीय मॅडम, मी माझी वसतिगृहातली जागा सोडत आहे. प्रतीक्षा यादीत जी मुलगी पहिली असेल तिला ती द्यावी. मी पुढे शिकणार नाही. कारण, घरची अडचण.

तिथे माझं पेन अडलं. घरची काय अडचण? घरचे बाहेर बसून तिला पाठवायला तयार होते. अडचण मी होते. तिथे माझं नाव यायला हवं होतं. पुन्हा एकदा ती मला पाठीशी घालत होती, आणि पुन्हा एकदा पेन माझ्याच हातात होतं.

"लिहिलंस?" तिने विचारलं. मला आठवतं तसं, हे विचारावं लागण्याची तिची ती पहिलीच वेळ होती.

मी लिहिलं. घरची अडचण. तिने वाचून दाखवायला सांगितलं, मी वाचलं, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. तिने उशाखालून बाबांचं कार्ड काढलं, कागदावर ठेवलं, पेन मागून घेतलं आणि सही केली. मग पेन मला परत दिलं.

मजकूर आणि सही यांच्यामध्ये दोन बोटं जागा रिकामी होती. एक ओळ मावली असती. 'तरी ही जागा एक वर्ष कृपया राखून ठेवावी.' एवढीच ओळ. तिला दिसणार नव्हतं. माझं अक्षर पत्रातल्या अक्षरासारखंच होतं, माझंच होतं ते. वर्षभरात तिचं मन बदललं असतं, कुणी सांगावं. तिचं भलंच झालं असतं. देवाशपथ सांगते, माझा हात कागदापर्यंत गेला होता.

"छोटी," ती म्हणाली. "पेन खाली ठेवलंस?"

"ठेवलं."

"आवाज नाही आला."

मी पेन ताटाच्या कडेवर ठेवलं. टक्क वाजलं. ती डोकं कलतं करून थोडा वेळ तशीच ऐकत राहिली.

"हं," ती म्हणाली. "आता जेव. थंडच आहे सगळं, पण जेव."